मूळ प्रत

४ मार्च

बायको म्हणाली, "दिवसभर जे मला ऐकवतोस ते कागदाला ऐकव. कागदाला सकाळी कामावर जायचं नसतं." ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे खांदे मोकळे करून येते आणि घरी आल्यावर माझं डोकं मोकळं करायला तिच्यात त्राण उरत नाही. म्हणून ही वही.

बातमी मोठी आहे. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी आमचं 'देवघेव' तीन शाखांमध्ये चाचणीला घेतलं. एकूण शाखा बावीस. सध्या बावीसही ठिकाणी मोठ्या घराचं सॉफ्टवेअर चालतं, आणि तो करार तीस जूनला संपतो. तोवर आमचं पसंत पडलं तर सगळ्या शाखा आमच्याकडे येतील, नाहीतर आणखी पाच वर्षं त्याच दावणीला. 'मोठं घर' हे मी ठेवलेलं नाव. त्या कंपनीत मी चौदा वर्षं काढली आणि अकरा वर्षांपूर्वी बाहेर पडून 'देवघेव' लिहिलं. आजवर आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक कॉलेज, जिथल्या पुस्तकांना वाळवीखेरीज फारसा वाचक नाही.

ही बावीस ग्रंथालयं आली तर बाकीची शहरं पाहतील, विचारतील, येतील. नाही आली तर मी चोपन्न वर्षांचा आहे आणि आणखी अकरा वर्षं वाट बघायची माझी तयारी नाही. हे बायकोला सांगितलेलं नाही.

६ मार्च

ग्रंथपालबाईंकडे गेलो होतो. बावीस शाखांची सूत्रं यांच्या हातात. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि समोरचा माणूस चष्म्याच्या वरून वाचायची सवय. सोबत भाची होती. भाची म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. आमच्या कंपनीत माणसं दोनच, मी आणि ती. आठ वर्षांपूर्वी कॉलेजातून आली, जे येतं ते माझ्याकडेच शिकली.

बाईंना मी नेहमीचं भाषण दिलं. मोठं घर आपला कोड कुलपात ठेवतं. आमचा कोड उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही बदलावा, नेऊन वापरावा. बदल चांगला वाटला तर आमच्याकडे पाठवावा, म्हणजे तो मूळ प्रतीत येतो आणि सगळ्यांना मिळतो.

"आलेला बदल घ्यायचा की नाही, हे कोण ठरवतं?" बाईंनी विचारलं.

"मी."

"तुम्ही एकटे?"

"मी एकटाच. म्हणून तर दर्जा टिकलाय."

बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझी छाप बरी पडली असावी.

त्यांची एकच अट आहे. एका शाखेतून नेलेलं पुस्तक कुठल्याही शाखेत परत करता यायला हवं. लोक ऑफिसजवळ पुस्तक घेतात आणि घराजवळ परत करतात. मोठ्या घराकडे ही सोय आहे. मी म्हटलं, होईल. भाचीने माझ्याकडे पाहिलं.

९ मार्च

गठ्ठा उपसतोय. कुठून कुठून लोक दुरुस्त्या पाठवतात, त्या सगळ्या मी तपासायच्या. आज एकशे सेहेचाळीस शिल्लक. मी प्रत्येक दुरुस्ती कागदावर छापून लाल पेनने वाचतो. भाचीला ते हास्यास्पद वाटतं, पण पडद्यावर डोळा फसतो, कागदावर फसत नाही. आज सहा तपासल्या आणि सहाही परत पाठवल्या. एकाने ओळींच्या डावीकडचा समास चुकवला होता.

एक गृहस्थ वर्षभर एकाच दुरुस्तीची अत्यंत नम्रपणे चौकशी करत होते. चार पत्रं आली. गेले काही महिने काही नाही. त्यांचं काम झालं असावं.

'कुठेही परत' ही सोयसुद्धा गठ्ठ्यातच आहे. भाचीने ऑक्टोबरमध्ये लिहिली. चालते, पण नावं गबाळी आहेत आणि एक भाग चांगला दोनशे ओळींचा झालाय. तो तसाच घेतला तर मला झोप यायची नाही. मी स्वतः पहिल्यापासून लिहीन.

मोठ्या घरात असताना सगळ्यात जास्त कशाचा संताप यायचा? आपण चांगलं काही सुचवावं आणि ते वरच्या साहेबाच्या टेबलावर कुजत पडावं.

२१ मार्च

तिन्ही शाखांत सुरू झालं. देवघेवीच्या खिडकीवरची कारकून मुलगी म्हणाली, "आधी पाच बटणं दाबायला लागायची, आता तीन." मी ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दुपारी एक आजोबा आले. दुसऱ्या शाखेतून नेलेलं पुस्तक त्यांनी खिडकीत ठेवलं. पडद्यावर आलं, हे पुस्तक या शाखेचं नाही. कारकून मुलीने तसं सांगितलं. आजोबा म्हणाले, "तुमचं नाही म्हणता, मग माझं झालं का?" आणि पुस्तक पिशवीत घालून शांतपणे निघून गेले. बाई हे दारातून बघत होत्या.

"किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"दोन आठवडे."

परतताना गाडीत भाची म्हणाली, "मामा, ते तयार आहे. आज संध्याकाळी चालू करता येईल."

"तयार आहे. नीट नाही."

"त्या आजोबांना नीट नको होतं. परत करायचं होतं."

"आज कसंतरी केलं की दहा वर्षं कसंतरीच राहतं."

ती खिडकीबाहेर बघत बसली. हल्ली जरा गप्प गप्प असते. मी म्हटलं, एखाद दिवस सुट्टी घे.

१० एप्रिल

दोन आठवडे होऊन गेले. माझं लिखाण अर्ध्यावर आहे. पण जेवढं झालंय ते देखणं आहे.

भाची हल्ली डबा तिच्या टेबलावरच खाते, कानात इअरफोन घालून. कुणाशी तरी हळू आवाजात बोलत असते. नवीन काही शिकत असेल, चांगलं आहे. बायकोने विचारलं, "तिच्याशी बोललास का?" म्हटलं, रोज बोलतो. "आणि ती बोलली का?" बायकांचे प्रश्न कुठून येतात कळत नाही.

२३ एप्रिल

बाईंचा फोन. आवाजात राग नव्हता. दोनशे अकरा पुस्तकं परत न घेता लोकांना माघारी पाठवलं, एवढा आकडा सांगितला. मी म्हटलं, आणखी दहा दिवस. त्या म्हणाल्या, बरं. मग त्यांनी भाचीचा नंबर मागितला. मी लगेच दिला. बारीकसारीक गोष्टी परस्पर निघालेल्या बऱ्या.

२ मे

आज सकाळी ऑफिसात आलो तर भाची आधीच बसलेली. मशीन बंद, टेबल आवरलेलं. म्हणाली, "मामा, बस जरा." मला वाटलं लग्न ठरलं.

"मी देवघेवची प्रत घेतलीय. ती मी वेगळी चालवणार आहे."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही.

"गठ्ठ्यातल्या नव्वद दुरुस्त्या मी तिच्यात घातल्यात," ती म्हणाली. "ज्यांनी पाठवल्या होत्या त्यांना मी विचारलं. अकरा जण माझ्याबरोबर काम करायला तयार आहेत. तुला वर्षभर पत्रं लिहिणारे काका पण."

"मला न विचारता?"

"तीनदा विचारलं मामा. तू तिन्ही वेळा छापून लाल केलंस."

"परवानगी लागते अशा गोष्टीला."

"ती लायसन्समध्ये आहे. तूच लिहिलंयस. तूच मला पाठ करायला लावलं होतंस."

हे ती उर्मटपणे बोलली नाही. डोळे भरून आले होते तिचे. म्हणाली, पहिल्या ओळीत तुझं नाव आहे आणि ते कायम राहील. मी म्हटलं, जा. आणखी एक वाक्य बोललो, तिच्या आईबद्दल. ते इथे लिहिणार नाही. ती किल्ली ठेवून गेली आणि मी संध्याकाळपर्यंत दिवा न लावता तिथेच बसून होतो.

५ मे

मानलेली असती तर गोष्ट वेगळी. सख्ख्या बहिणीची मुलगी. बोट धरून शिकवली आणि तिने सरळ वेगळी चूल मांडली.

आज जेवताना हे सगळं बायकोपुढे ओकलो. तिने भांडी उचलता उचलता म्हटलं, "तू बाहेर पडलास तेव्हा तुझे साहेब हेच म्हणत असतील."

"मी काही नेलं नव्हतं तिथून. एक ओळ नाही. सगळं नव्याने लिहिलं."

"न्यायला काही दिलंच नव्हतं त्यांनी."

मी माझं ताट स्वतःच उचललं. 

बायकोला हे आधीच माहीत होतं असं मला वाटतं. विचारलं तर म्हणाली, मामीकडे रडायला कुणीतरी यायचंच. म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून.

१४ मे

बाईंचं पत्र. तीन शाखांतली चाचणी गेल्या आठवड्यापासून भाचीच्या प्रतीवर चालते. भाषा सभ्य आहे, आभार मानले आहेत. 'कुठेही परत' तेव्हापासून चालू आहे, तक्रार नाही.

दिवसभर माझी देखणी आवृत्ती लिहीत बसलो. कुणासाठी, हा प्रश्न साडेचारला पडला. मग चहा केला.

२० मे

घरी पाहुणा आला. मी याला टायवाला म्हणतो. मोठ्या घरात माझ्या हाताखाली होता, तेव्हाही उन्हाळ्यात टाय घालायचा. आता तिथल्या विक्रीचा प्रमुख आहे. सोफ्याच्या अगदी कडेला बसला, माझ्या कामाची तोंडभरून स्तुती केली आणि दुसऱ्या कपाला मुद्द्यावर आला.

"सर, एक साधं पत्र. मूळ लेखक म्हणून या नव्या प्रतीची जबाबदारी तुम्ही घेत नाही, एवढंच. यात खोटं काही आहे का?"

खोटं काहीच नाही. मी जबाबदारी घेत नाहीच.

"आणि आमच्याकडे सल्लागाराची एक जागा आहे. तुमच्यासारखा माणूस बाहेर राहावा हे आम्हालाही बरं वाटत नाही."

अकरा वर्षांत त्या घरातून मला कुणी 'सर' म्हणून हाक मारली नव्हती. गोड वाटलं, हे कबूल करतो. ते पत्र ग्रंथालयांचा करार ठरवणाऱ्या समितीपुढे गेलं की काय होईल, हे तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. मी काही कुक्कुलं बाळ नाही. मूळ लेखकच हात झटकतोय म्हटल्यावर समिती घाबरेल आणि बावीस शाखा आहेत तिथेच राहतील. विचार करतो म्हणालो.

२९ मे

जबाबदारी घेत नाही म्हणायचं तर कारण हवं. म्हणून तिचा सगळा कोड छापला. चारशे बारा पानं. नऊ दिवस लाल पेन घेऊन बसलोय. बायको म्हणते, इतकं तू आमच्या लग्नाच्या पत्रिकेकडेही पाहिलं नव्हतंस.

नावं गबाळी आहेतच. एका ठिकाणी माझी चाळीस ओळींची करामत तिने काढून सात ओळी टाकल्या आहेत. मी त्या सात ओळी तीनदा तपासल्या. चूक सापडली नाही. समास चुकवणाऱ्या इसमाची दुरुस्तीही तिने घेतलीय. त्या दुरुस्तीमुळे आंधळ्या वाचकांना यादी ऐकता येते. मी समासच पाहिला होता.

आज मात्र घबाड हाती लागलं. एखादं पुस्तक दुसऱ्या शाखेत परत आलं, आणि त्याच वेळी तिसऱ्या शाखेतल्या कुणी ते राखून ठेवलं, तर ते पुस्तक यादीतून गायब होतं. कपाटात असतं, यादीत नसतं. तीन शाखांत हे क्वचित घडेल. बावीस शाखांत रोज घडेल. महिन्याभरात शेकडो पुस्तकं जागच्या जागी हरवतील.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग आरशासमोरून जाताना स्वतःचा चेहरा दिसला आणि मी येऊन बसलो.

३ जून

पत्र टाइप केलं. चार ओळी. बायकोला वाचायला दिलं. तिने वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"भाषा चांगली आहे," म्हणाली आणि कुंड्यांना पाणी घालायला गेली. अर्धा तास घालत होती. सहाच कुंड्या आहेत आमच्याकडे.

८ जून

सही करायची राहिलीय. त्या दोषाने मात्र डोकं खाल्लंय. सापडलेला दोष दुरुस्त न करता ठेवणं मला जमतच नाही, आजवर कधी जमलेलं नाही. आज सकाळी नुसतं बघायचं म्हणून बसलो आणि दुपारपर्यंत दुरुस्ती लिहून झाली. नऊ ओळी. तिच्याच पद्धतीने लिहिली, तिच्याच गबाळ्या नावांनी, नाहीतर ती तिथे बसली नसती.

सोळा वेळा चालवून पाहिली. पुस्तक हरवत नाही.

१२ जून

समितीची बैठक. लांब टेबल, सात सभासद, मध्ये पाण्याचा जग. एका बाजूला टायवाला, दुसऱ्या बाजूला भाची. महिन्याभरात बारीक झालीय. मला टायवाल्याच्या विनंतीवरून बोलावलं होतं. उजव्या खिशात पत्र, सकाळी सही केलेलं. डाव्या खिशात ते नऊ ओळींचं पान. दोन्ही का घेतली, मला सांगता येणार नाही.

टायवाला छान बोलला. या सॉफ्टवेअरच्या मालकीबद्दल वाद आहे, म्हणाला. घरच्याच माणसाने नेलेली वस्तू आहे. उद्या काही बिघडलं तर बावीस ग्रंथालयांनी कुणाचं दार ठोठावायचं? मूळ लेखक इथेच बसले आहेत, त्यांनाच विचारा.

अध्यक्ष वयस्कर होते, कानाला यंत्र. त्यांनी आडवळण न घेता विचारलं, "हे तुमच्याकडून चोरलं का?"

भाची स्वतःच्या हातांकडे बघत होती.

गेले दीड महिने मी मनात हाच शब्द घोळवत होतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि मला लाज वाटली. तिची नाही, माझीच.

"चोरलं नाही," मी म्हटलं. "मी दिलं होतं."

"कधी?"

"अकरा वर्षांपूर्वी. ज्याला हवं त्याला. लिहून दिलंय."

"आणि जबाबदारी?"

"तिची. ती घेईल. माझ्याकडे तुमची दोनशे पुस्तकं दाराबाहेर थांबली होती, ती तिने आठवड्यात आत घेतली."

टायवाल्याने विचारलं, "म्हणजे यात दोष नाही, अशी खात्री देता तुम्ही?"

"एक आहे," मी म्हटलं. त्याचा चेहरा उजळला. मी दोष सांगितला, जसा आहे तसा, काही न लपवता. भाचीने पहिल्यांदा मान वर केली. तिचा रंग उडाला होता, कारण मी सांगत होतो ते खरं आहे हे सभेत फक्त तिलाच कळत होतं. मग मी डाव्या खिशातलं पान काढून टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. "दुरुस्ती याच्यात आहे. तपासून घे."

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही दोष असतील. आम्हाला कधी कुणी आधी सांगितले नाहीत."

अध्यक्षांनी आठ दिवस दिले. तेवढ्यात हे दुरुस्त होऊन तिन्ही शाखांत नीट चाललं, तर बावीस शाखा भाचीच्या प्रतीवर. नाहीतर जुनाच करार पुढे.

जिन्यात भाची म्हणाली, "मामा, पानावरून मला टाइप करायला लावू नकोस. नीट पाठव." मी म्हटलं, पाठवतो. तिच्या आईबद्दल जे बोललो होतो त्याची माफी मागितली. ती म्हणाली, आईला मी सांगितलेलंच नाही. मग दोघंही तिथेच पायरीवर थोडा वेळ बसलो. उजव्या खिशातलं पत्र मी घरी येऊन फाडलं आणि तुकडे बायकोला दाखवले. ती म्हणाली, कचऱ्याचा डबा तिकडे आहे.

१३ जून

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दुरुस्ती पाठवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी कुणाकडे दुरुस्ती पाठवली आणि ती कुणीतरी घ्यावी म्हणून थांबलो. थांबणं वाईट असतं. पंधरा मिनिटांत तीनदा उघडून बघितलं. आंघोळ केली, परत बघितलं. त्या एकशे सेहेचाळीस दुरुस्त्या पाठवणारे लोक असे बसून असतील, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यातला कुणी वर्षभर.

दहाला दहा मिनिटं कमी असताना उत्तर आलं. दोघांनी तपासली, भाचीने घेतली.

२० जून

बाईंचा फोन आला. समितीने बावीसही शाखा दिल्या. एक तारखेपासून सुरू. म्हणाल्या, "अभिनंदन कुणाचं करायचं ते कळेना, म्हणून दोघांनाही फोन करतेय. तिला आधी केला."

"बरोबर केलंत," मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर जरा वेळ स्वयंपाकघरात उभा राहिलो. वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि ही दोन्ही एकाच वेळी वाटतात हे चोपन्नाव्या वर्षी कळलं.

दुपारी माझी दुरुस्ती मूळ प्रतीत कशी बसलीय ते बघायला उघडली. आता त्यांची प्रत मूळ म्हणायची. माझ्या नऊ ओळींतली सहावी ओळ भाचीने बदललीय. मला न विचारता.

कागदावर छापली. लाल पेनचं टोपण काढलं. चार वेळा वाचली.

तिची ओळ बरी आहे.